कॅमेऱ्याचा घसारा : डिजिटल कॅमेऱ्याची किंमत किती टिकते आणि ती कशी काढावी

डिजिटल कॅमेरा गुंतवणूक म्हणून घ्यायची वस्तू नाही. खोक्याचं सील तुटलं की बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, भाव उतरतो (यालाच घसारा म्हणायचं) आणि पुढची तीन-चार वर्षं उतरतच राहतो. मात्र सगळ्यांचा सारखा उतरत नाही. एकाच वर्षी, एकाच किमतीला घेतलेल्या दोन कॅमेऱ्यांपैकी एक आठ वर्षांनीही हातोहात विकला जातो आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही. कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स जिथे बसते त्या कड्याला) अजून लेन्स बनतात का, बॅटरी मिळते का, कार्ड मिळतं का, बिघडला तर सुटा भाग मिळतो का, यावर बराचसा निकाल लागतो. थोडक्यात, कॅमेऱ्याच्या वयाआधी त्याचा गोतावळा बघायचा.

भाव पडतो तो कशामुळे

१९९१ साली आलेला कोडॅकचा डीसीएस हा निकॉन एफ३ च्या बॉडीवर बांधलेला कॅमेरा होता. १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) आणि फोटो साठवायला खांद्याला लटकवायचं वेगळं यंत्र. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी. चारच वर्षांनी, २००३ मध्ये, कॅननने ६.३ मेगापिक्सेलचा ३००डी एक हजार डॉलरच्या आत आणला. डी१ त्याच्या कित्येक पट महाग होता. नव्या स्वस्त कॅमेऱ्याचा फोटो जुन्या महाग कॅमेऱ्यापेक्षा उघड-उघड चांगला येत असेल, तर जुन्याला भाव कोण देणार? डिजिटल कॅमेरा मातीमोल होतो ही समजूत या काळातली आहे, आणि त्या काळापुरती ती खरीही होती.

नंतर वेग मंदावला. २०१२ च्या सुमारास २४ मेगापिक्सेलचे सेन्सर साध्या बॉडींतही आले, आणि निकॉनचा २०२४ चा झेड६ ३ सुद्धा त्याच आकड्याच्या आसपास आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची चांगली फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आजही छापण्याजोगा फोटो देते आणि तिचा घसारा आता सावकाश होतो. आता वेगाने बदलतात त्या दोन गोष्टी : ऑटोफोकस आणि व्हिडिओ. म्हणून पक्षी, खेळ, लग्नसमारंभ यांसाठी घेतल्या जाणाऱ्या बॉडीचा भाव पुढचं मॉडेल जाहीर होताच कोसळतो. निसर्गदृश्यं किंवा स्टुडिओतलं काम करणारी बॉडी, उदाहरणार्थ २०१७ चा ४५.७ मेगापिक्सेलचा निकॉन डी८५०, तितकी घसरत नाही, कारण डोंगराला डोळा ओळखणारा ऑटोफोकस लागत नाही.

आणखी एक कारण संख्येचं. जपानी उत्पादकांच्या सीपा या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. २००५ ते २०१२ मधले साधे कॉम्पॅक्ट (खिशात मावणारे छोटे कॅमेरे) इतके निघाले, की त्यांतल्या बहुतेकांना दुर्मीळ म्हणणं हास्यास्पद आहे, विक्रेत्याने जाहिरातीत तसं लिहिलेलं असलं तरी.

पायरी १ : गोतावळा तपासा

सुरुवात माउंटपासून. माउंट चालू असेल, किंवा बंद होऊनही त्याच्या लेन्स नव्या बॉडीवर अडॅप्टरने चालत असतील, तर भाव टिकतो. हे केवळ कंपनीच्या मर्जीवर नसतं, भूमितीवरही असतं. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर असते, त्यानंतरच्या आरएफमध्ये २० वर. मधल्या २४ मिलिमीटरमध्ये अडॅप्टर बसतो, म्हणून १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स नव्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. पण त्याच कॅननच्या ईएफ-एम माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर होतं. ती लेन्स आरएफवर दोन मिलिमीटर जास्तच दूर बसते, दूरच्या वस्तूवर फोकस होऊ शकत नाही, आणि अडॅप्टरची वाटच बंद होते. ईएफ-एमच्या ग्राहकाला पुढे जायला रस्ता नाही, हे बाजाराला कळतं. सॅमसंगच्या एनएक्सचं आणि निकॉन १ चंही तेच झालं : कॅमेरे वाईट नव्हते, घराणं संपलं.

निकॉनच्या एफ माउंटमध्ये एक उपभेद लक्षात ठेवा. एफ माउंटची लेन्स नव्या झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही. त्यामुळे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स झेड बॉडीवर नीट चालतात, पण बॉडीतल्या स्क्रूवर अवलंबून असलेल्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो. भाव काढताना या दोन गटांची तुलना एकमेकांशी करू नये.

बॅटरीचं गणित सोपं आहे. कॅननच्या एलपी-ई६ चा आकार २००८ पासून, निकॉनच्या ईएन-ईएल१५ चा २०१० पासून चालत आला आहे. अशा बॉडीला बॅटरीची चिंता नाही. एकाच मॉडेलसाठी बनलेली आणि आता बंद झालेली बॅटरी असेल, तर फक्त नकली पर्याय उरतात. त्यातल्या हलक्या प्रतीच्या फुगतात आणि खाचेत अडकतात.

कार्डाचंही बघा. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मच्या जुन्या कॉम्पॅक्टमधलं एक्सडी कार्ड जास्तीत जास्त २ जीबीचं, आणि ते बनणं केव्हाच थांबलं. स्मार्टमीडिया त्याहून जुनं, १२८ एमबीपर्यंत. अशा कॅमेऱ्यासोबत चालू कार्ड मिळत असेल तर त्याला खरी किंमत आहे. एसडी कार्डाची खाच दिसली म्हणूनही निर्धास्त होऊ नका : सुरुवातीचे कित्येक कॅमेरे २ जीबीच्या पुढची एसडीएचसी कार्डं वाचत नाहीत.

शेवटी सुटे भाग. लायका एम९ (२००९) हे याचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरवरची काच कालांतराने गंजते आणि फोटोत गोल डाग उमटतात. लायकाने सुधारित सेन्सर बसवून दिले, पण पुढे तो साठाही संपला. त्यामुळे दिसायला अगदी सारख्या दोन एम९ पैकी सेन्सर बदललेल्याचा आणि न बदललेल्याचा भाव वेगवेगळा असतो. बदलाची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

पायरी २ : लेन्स आणि बॉडी वेगळ्या मोजा

एकत्र विकला जाणारा संच बघून अंदाज करणं ही सर्वांत नेहमीची चूक. लेन्स म्हणजे मुख्यतः काच आणि धातू. ती वर्षा-दोन वर्षांनी जुनी ठरत नाही. एफ/२.८ चे (जास्त प्रकाश घेणारे) झूम, चांगल्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स, मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या) यांचा भाव वर्षानुवर्षं हळूहळू उतरतो. १८-५५ सारखी बॉडीसोबत येणारी किट लेन्स याला अपवाद : ती प्रत्येकाकडे असते, म्हणून कोणालाच नको असते. संचाची किंमत काढताना तिचे पैसे जवळपास शून्य धरा. लेन्सचाही भाव एकदम पडतो तो दोन प्रसंगी, एक तर तिची सुधारित आवृत्ती आली की, नाहीतर तिचं माउंट बंद झालं की.

विक्रेत्यासाठी याचा अर्थ असा, की चांगली लेन्स बॉडीला चिकटवून विकू नये. संचाचं गिऱ्हाईक बॉडीचा भाव बघून बोली लावतं आणि लेन्स फुकटात जाते.

पायरी ३ : आकडा काढा

जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. बघायचे ते पूर्ण झालेले व्यवहार. त्याच मॉडेलचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले आठ-दहा व्यवहार घ्या, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून टाका, उरलेले चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरा. दुकानदार याहून कमी देईल. तपासणी, हमी आणि माल पडून राहण्याचा धोका तो घेत असतो, त्यामुळे त्याच्या बोलीचा राग धरण्यात अर्थ नाही.

मग छत तपासा. तोच कॅमेरा नवा, हमीसह, सवलतीत मिळत असेल तर जुन्याचा भाव त्याच्या जवळ जाऊच शकत नाही. सणासुदीच्या किंवा वर्षअखेरीच्या सवलतीत जुन्या बाजाराचे भाव खाली येतात ते यामुळे. मॉडेल बंद झालं की हे छत निघून जातं. मग काही कॅमेरे आणखी पडतात, आणि थोडेसे स्थिरावतात.

आता वर्षाचा घसारा काढा : घेतल्याची किंमत वजा विकल्याची किंमत, भागिले वर्षं. समजा नवी बॉडी १०० ला घेतली आणि चार वर्षांनी ४० ला विकली, तर वर्षाला १५ गेले. तीच बॉडी दोन वर्षं जुनी असताना ६० ला घेऊन चार वर्षांनी ३२ ला विकली, तर वर्षाला ७. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण उताराचा आकार असाच असतो : सुरुवातीला तीव्र, मग सपाट. तीव्र उतार पहिल्या मालकाने भरायचा, ही जुना माल घेण्यामागची सगळी अक्कल आहे. हमी त्याच्याच काळात संपते, हा जुना माल घेण्याचा तोटा.

महागाईचाही विचार करावा. दहा वर्षांनी लेन्स घेतल्या भावालाच विकली गेली, तर आकडा तोच असतो, पण त्या पैशांत तेव्हाइतकं काही येत नाही.

पायरी ४ : हातात घेऊन तपासा

वरचा आकडा नीट चालणाऱ्या नगाचा आहे. समोरचा नग तसा आहे का, हे ठरवायला अर्धा तास, एक टॉर्च, स्वतःचं कार्ड आणि जमल्यास लॅपटॉप लागतो.

शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं-मिटलं तो आकडा, आधी. निकॉनच्या बॉडी तो फोटोच्या फाइलमध्येच लिहितात. एक्झिफटूलसारख्या मोफत प्रोग्रॅमने वाचता येतो. मात्र फाइल थेट कॅमेऱ्यातून आलेली हवी, एडिट केलेल्या फाइलमधून तो बहुधा गळतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, केबल जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. आकडा कशाशी ताडायचा? प्रवेश पातळीच्या बॉडींचं शटर साधारण १ लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, कॅनन ५डी मार्क ४ चं दीड लाख, डी८५० चं २ लाख, १डी एक्स मार्क ३ चं ५ लाख. ही मर्यादा म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, कित्येक शटर तिच्या पुढे जातात आणि काही आधीच मोडतात. पण मर्यादेच्या जवळ आलेल्या बॉडीतून शटर बदलण्याचा खर्च वजा करूनच बोली लावावी. निकॉन झेड९ आणि झेड८ मध्ये यांत्रिक शटर नाहीच, तिथे हा हिशोब लागू नाही.

कमी काउंट बघून भुलू नका. व्हिडिओसाठी वापरलेल्या बॉडीत काउंट पाच हजारही असू शकतो आणि सेन्सर शेकडो तास तापलेला असू शकतो. तळाच्या ट्रायपॉडच्या भोकाभोवतीची झीज आणि एचडीएमआयच्या खाचेचा सैलपणा ते सांगतो.

सेन्सरसाठी दोन फोटो पुरे. पहिला : एफ/१६ (लेन्सचं छिद्र लहान करून), कमीत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), पांढऱ्या भिंतीवर मुद्दाम फोकस बिघडवून. जे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसतात ते सेन्सरवर आहेत. धुरकट कडेचा ठिपका धुळीचा, तो साफ होतो. बारीक रेघ असेल तर ओरखडा, तो जात नाही. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये शटरच्या भागातून तेल-धूळ उडून सेन्सरवर पडायची. निकॉनने पुढे त्याचं शटर मोफत बदलून दिलं. असा नग घेताना त्या दुरुस्तीचा कागद मागा. दुसरा फोटो : लेन्सला टोपी लावून ३० सेकंद, नॉइज रिडक्शन बंद. चार-दोन रंगीत ठिपके सगळ्याच सेन्सरवर असतात आणि पिक्सेल मॅपिंगने (कॅमेऱ्यातली खराब ठिपके वगळण्याची सोय) जातात. आडवी किंवा उभी सलग रेघ मात्र व्यवहार तिथेच थांबवण्याचं कारण. कार्यक्रमांतल्या लेझरने भाजलेल्या सेन्सरवरही अशा रेघा येतात.

स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेली मिररलेस (आतला आरसा नसलेली) बॉडी बंद असताना हलवली तर आत काहीतरी खुळखुळतं. बऱ्याच मॉडेलांत ते नेहमीचं आहे. कॅमेरा चालू केल्यावर सेन्सर सरळ बसतो का आणि १/१० सेकंदाला हातात धरून फोटो स्थिर येतो का, तेवढं बघावं.

लेन्सवर जास्त वेळ घालवा, कारण पैसे तिथे आहेत. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. दुधाळ पडदा दिसला तर आतल्या काचेवर धुरकटपणा. कडेला इंद्रधनुषी पट्टा असेल तर चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्या आहेत. दोन-चार धुळीचे कण सोडून द्या. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याने फोटोत जवळजवळ काही दिसत नाही, फक्त भाव पाडून घ्यायला तो उपयोगी; मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र नडतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलं असेल तर ती आळसावून मिटतात आणि फोटो कमी-जास्त उजळ येतात. पडलेल्या लेन्सची खूण अशी : विटांच्या भिंतीसमोर समांतर उभं राहून सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर काच तिरकी झाली आहे.

उरलेलं झरझर : प्रत्येक बटण आणि डायल, दोन्ही कार्डांच्या खाचा, हॉट शूवर (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) फ्लॅश, स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे, चिकट झालेलं रबर. बॉडीवरचा सिरियल नंबर खोक्याशी आणि पावतीशी जुळतो का, हे बघायला विसरू नका. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या काही सोनी बॉडींत मेनू फक्त जपानी भाषेत असतो, त्यांचा भाव इतरत्र कमी. मूळच्या कॅनन ५डी (२००५) मध्ये चिकटवलेला आरसा निसटून पडायचा. तो पक्का केलेला आहे का, विचारा.

चढे भाव आणि त्यांचा भरवसा

फुजीफिल्म एक्स१००व्ही २०२० मध्ये आला. पुढे समाजमाध्यमांवर त्याची लाट उठली, माल पुरेना, आणि वापरलेले नग नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स१००व्हीआय जाहीर झाला आणि लाटेचा टेकू निघाला. असा भाव कॅमेऱ्यात नसतो, टंचाईत असतो. टंचाई कारखाना मिटवू शकतो.

जुन्या सीसीडी कॉम्पॅक्टची आवड सध्या अशीच वाढली आहे. घ्यायचा तर हौसेने घ्या, पण एक जुना रोग माहीत असू द्या. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एकाच पुरवठादाराचे सदोष सीसीडी गेले होते, निरनिराळ्या ब्रँडमध्ये. उष्ण-दमट हवेत त्यांची आतली जोडणी सुटते आणि चित्र जांभळं, रेघांचं किंवा पूर्ण काळं येतं. त्या काळी कंपन्यांनी ते मोफत बदलून दिले. आता ती सोय धरू नका, म्हणून चालू स्थितीतला फोटो बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पायरी ५ : भाव राखा आणि वेळेवर विका

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६०-६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीची लेन्स अर्ध्या भावातही लोक टाळतात. हवाबंद डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. चामड्याच्या पिशवीत कायम ठेवू नका, ती ओल धरते. बॅटरी काढून निम्मी चार्ज करून ठेवावी. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम, फोकस, शटर फिरवून घ्या. खोकं, पावती, टोप्या, मूळ चार्जर जपून ठेवा. पैशाच्या हिशोबापेक्षा विश्वासाच्या हिशोबात त्यांचा उपयोग जास्त होतो.

विकायची उत्तम वेळ म्हणजे पुढच्या मॉडेलच्या घोषणेआधीची. घोषणा झाली की पहिल्या काही आठवड्यांत सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव त्या गर्दीनेच पडतो. ती वेळ चुकली असेल तर घाई करू नका, गर्दी ओसरली की थोडं सावरतं.

विकण्यापूर्वी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, कॉपीराइटच्या जागी लिहिलेलं नाव पुसा, फोनशी जोडणी आणि वायफायचे पासवर्ड काढा, मग फॅक्टरी रीसेट. जाहिरातीत शटर काउंटचा फोटो, सेन्सरचा एफ/१६ चा फोटो आणि प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो द्या. दोष आधी दाखवलेला कॅमेरा परत येत नाही. कुरिअरने पाठवताना लेन्स बॉडीपासून वेगळी करा, दोघांनाही टोप्या लावा. लिथियम बॅटरीबाबत वाहतूकदाराचा नियम आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी ती कॅमेऱ्यात बसवून पाठवणं सुटी पाठवण्यापेक्षा सोपं पडतं. सुटी पाठवायचीच असेल, तर टोकांवर चिकटपट्टी लावायला विसरू नका.